खुणवाल्याचा बिल्ला

तिला सगळं गाव बिल्लेमावशी म्हणायचं, आणि तिला एकाच गोष्टीचा अभिमान होता. तिच्या फळ्यावरून बिल्ला घेऊन जंगलात गेलेलं माणूस परत आलं नाही, असं एकतीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. हात मोडून आले, पाय मुरगळून आले, एकजण तर मधमाश्या चावून भोपळ्याएवढं तोंड घेऊन आला, पण आला. ती हे ज्याला त्याला सांगायची. नवरा म्हणायचा, "अगं, दृष्ट लागेल." ती म्हणायची, "माझ्या फळ्याला? लागून तर बघू दे."

हा फळा मूळचा लाकूडगिरणीचा. गावाच्या टोकाला, जिथे डांबर संपतं आणि झाडी सुरू होते, तिथे गिरणीचं आवार आहे. फाटकाजवळ एक खोली, खोलीला एक खिडकी, आणि खिडकीशेजारी भिंतीवर हा काळा लाकडी फळा. आठ ओळी, ओळीत आठ खिळे, प्रत्येक खिळ्यावर आकडा ठोकलेला पितळी बिल्ला. झाडं तोडायला वर जाणाऱ्या प्रत्येकाने एक बिल्ला खिशात टाकायचा आणि परतल्यावर त्याच खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरले की मावशी घंटेची दोरी ओढायची आणि खणखणीत आवाजात ओरडायची, "फळा भरला!" म्हणजे जंगलात आता आपलं कुणी नाही. घंटा ऐकली की घराघरातल्या बायकांच्या जिवात जीव यायचा. मावशी तेव्हा नवी सून होती आणि घंटेची दोरी तिच्या डोक्याच्या वर दोन वीत लोंबत असे, म्हणून तिला उडी मारावी लागायची. लोक तेवढं बघायलाही थांबायचे. पुढे नवऱ्याने दोरी खिडकीपर्यंत लांब करून दिली.

फळ्यावर एकाच माणसाचा खिळा नव्हता, आणि तो तिचा नवरा. तो गिरणीचा खुणवाला. कुठलं झाड तोडायचं ते ठरवून त्याच्यावर रंगाचा पट्टा ओढायचा, हे त्याचं काम. तोडणाऱ्यांच्या आधी तासभर तो वर गेलेला असायचा, तेव्हा खोलीचं कुलूपही उघडलेलं नसायचं. म्हणून गिरणीत रीतच पडली होती, खुणवाल्याला बिल्ला नसतो. तो कधी येतो, कुठून उतरतो, याची मोजदाद कुणी ठेवत नसे. त्याचं पोट त्याला घरी आणतं, असं गिरणीचे लोक म्हणायचे आणि ते खरंही होतं.

गिरणी बंद पडली तेव्हा दोघांचंही काम गेलं. दोन वर्षं खुणवाला घरात बसून खुर्च्यांना रंग देत राहिला. एकाच खुर्चीला चार रंग झाले तेव्हा मावशी म्हणाली, "आता तिच्यावर बसलं की खालचा रंग वर येतो. बाहेर जा कुठेतरी." तो जंगलात जायला लागला. तिथे एक दिवस त्याला एक माणूस भेटला, अर्ध्या चड्डीतला, लांबच लांब पायांचा, वाट चुकून ओढ्याकाठी बसलेला. तो शहरातून नुसता पळायला आला होता. खुणवाल्याने त्याला विचारलं, "मागे कुत्रं नाही, पुढे गाडी सुटत नाही, मग पळता कशाला?" तो हसला, आणि पुढच्या महिन्यात आणखी सहाजणांना घेऊन आला. गावाने त्याचं नाव लंबू ठेवलं.

गावाला त्या वाटांचं कधीच कौतुक नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते काही उगाच नाही. पण बाहेरच्या लोकांनी पाहिलं आणि ते वेडे झाले. ओढ्याची वाट पाच किलोमीटर, सगळी सावलीतून, पायाखाली कुजल्या पानांची गादी. टेकाडाची वाट आठ, मधे उघडं गवत आणि वारा. खिंडीची अकरा. आणि कड्याची वाट, चौदा. ही उभ्या उताराच्या पोटातून कोरल्यासारखी जाते, एका हाताला ओलसर दगड, दुसऱ्या हाताला झाडांचे शेंडे. हो, शेंडे, कारण बुंधे खाली खोल. सकाळी तिथे धुकं दरीत बसलेलं असतं आणि माणूस त्याच्या वरून पळतो. ती वाट पाहून आलेले लोक पुन्हा कधी येता येईल, एवढंच विचारायचे.

तर खुणवाल्याने जुना ब्रश पुन्हा काढला. वाटेच्या कडेच्या झाडांवर, अगदी आपल्या डोळ्यांच्या रेषेत, वीतभर पट्टा. चार वाटा, चार रंग, कड्याला लाल. "आधी मी खूण केली की झाड मरायचं," तो म्हणायचा, "आता खूण केली की माणूस घरी येतो. पापं फिटायला लागली म्हणायची." मावशीने खोली झाडली, बिल्ले घासले, फळा पुसला. पळणारे लोक मोठ्या हौसेने बिल्ला घेऊन जायचे आणि परत आल्यावर घंटा वाजवायला मागायचे. ती देत नसे. "घंटा खेळणं नाही," एवढंच म्हणायची.

त्या वर्षी पाऊस लांबला. दहा दिवस थांबला नाही, मग थांबला, पण ओढा काही निवळेना. वर पाऊस नाही, खाली पाऊस नाही, तरी पाणी मातकटच. मावशीला ते आवडलं नाही. तिने दोनदा बोलून दाखवलं आणि दोन्ही वेळा नवऱ्याने विषय बदलला, तेही तिला आवडलं नाही.

मग एके संध्याकाळी तो खोलीत आला आणि बूट न काढताच म्हणाला, "अगं, साठीनंतर माणूस उंच होतो का?"

"जिभेने होतो," ती म्हणाली.

"चेष्टा नाही. मोज मला."

फळ्याच्या चौकटीवर तिनेच कधीकाळी गंमत म्हणून त्याची उंची खडूने आखून वर चाकूने रेघ मारली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. त्याला तिथे पाठ लावून उभा केला. डोकं रेघेला लागेना. बोटभर खालीच राहिलं.

"उंच कुठले? आटलात तुम्ही," ती म्हणाली आणि हसली. तो हसला नाही.

"कड्याच्या वाटेवर तीन झाडं आहेत," तो म्हणाला, "दुभंगल्या दगडाच्या पलीकडची. वसंतात मी त्यांच्यावर पट्टे ओढले, डोळ्यांसमोर. नेहमी डोळ्यांसमोरच ओढतो मी. परवा पाहिलं तर पट्टे हनुवटीशी. म्हटलं, चुकलो असेन. आज छातीशी आहेत."

मावशीला समजायला थोडा वेळ लागला. झाडं उभीच होती, सरळ, पानंसुद्धा हिरवीगार. फक्त ज्या जमिनीवर ती उभी होती ती जमीन त्यांना घेऊन खाली चालली होती, दिवसाला दोन-चार बोटं, कसला आवाज न करता.

"फट दिसते?"

"वाटेच्या कडेला आहे. वर पानं पडलीत म्हणून दिसत नाही. ब्रशचा दांडा घातला, अख्खा आत गेला."

रविवारी स्पर्धा होती. लॉजवाल्याने ती भरवली होती. हा मावशीच्या सासऱ्यांच्या चुलत घरातला, नात्याने दीर, आणि गावात दुमजली लॉज बांधणारा पहिला माणूस. एकसष्ट जणांनी नावं दिली होती. तो स्वतः ओढ्याच्या पुढे कधी गेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. खुणवाल्याने त्याला झाडांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, लोक कड्यासाठी येतायत. कडा नाही तर काय त्यांना माझ्या गच्चीवर पळवू?"

"गच्चीवर पळव. पण कड्यावर नाही."

"झाडं शंभर वर्षं उभी आहेत. रविवारीच पडणार?"

"तुझ्या लॉजच्या पाटीवर लिहून दे मग तसं. सहीनिशी."

लॉजवाला सही करणारा नव्हता. बरीच ओढाताण होऊन ठरलं की स्पर्धा खिंडीच्या वाटेने न्यायची. पण कड्यावरच्या लाल खुणा राहू द्याव्यात असं त्याचं म्हणणं, फांद्या आडव्या टाकल्या की पुरे, आठवड्याने वाट पुन्हा उघडता येईल. यावर खुणवाला ऐकेना. "बंद वाटेवर एकही खूण जिवंत ठेवायची नाही," तो म्हणाला. "फांदी माणूस ओलांडतो. खूण दिसली की तिच्यामागे जातो. मी चाळीस वर्षं लोकांना हेच शिकवलंय, खुणेवर विश्वास ठेवा म्हणून." खिंडीची आणि कड्याची वाट दुभंगल्या दगडाशी फुटते, तिथून पुढे बावीस पट्टे होते. तारेच्या ब्रशने घासून काढायचे. शनिवारी धुकं इतकं दाट होतं की त्याला जाता आलं नाही. म्हणून रविवारी उजाडताच निघायचं ठरलं.

रविवारी तो निघाला तेव्हा मावशीही लवकर उठून खोलीत आली होती. एकसष्ट लोकांचे बिल्ले काढायचे होते. पहिल्यांदाच असं झालं की खुणवाला निघतोय आणि फळ्याची खोली उघडी आहे. त्याच्या खांद्यावरच्या पिशवीतून ब्रशचा दांडा बाहेर आला होता. तिच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तिने एक बिल्ला काढला आणि खिडकीतून पुढे केला.

"घेऊन जा आज."

"मी काय पाहुणा आहे?"

"घ्या म्हणते ना."

"अगं, मला यायला उशीर झाला तर तुझी घंटा अडेल आणि तिकडे पाहुण्यांचं जेवण गार होईल. भाऊ म्हणेल, दादाने मुद्दाम केलं." तो हसला. "आणि खुणवाल्याने बिल्ला घेतला तर गिरणीतले मेलेले लोक उठून हसतील."

तीही हसली. बिल्ला तिने परत खिळ्याला लावला. त्या दिवशी एकसष्ट गेले आणि तीन बिल्ले फळ्यावर उरले. सबंध सकाळ ते तिच्या डोळ्यांसमोर लटकत होते.

स्पर्धा छान झाली. लंबू पहिला आला नाही, पण पहिला आल्यासारखा ओरडत आला. एकेक करून लोक फाटकातून आत येत, वाकून गुडघ्यांवर हात टेकत, धापा टाकत बिल्ला अडकवत. कुणी कड्याकडे वळलं नव्हतं. दुभंगल्या दगडाशी फांद्या होत्या आणि पुढच्या झाडांवर खूण म्हणून नव्हतीच, असं दोघा-तिघांनी सांगितलं. मावशी डोळ्यांत तेल घालून मोजत होती. साडेअकराला शेवटची बाई आली, लंगडत, आणि तिने एकोणपन्नास नंबरचा बिल्ला खिळ्याला लावला. मावशीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. चौसष्ट. तिने दोरी ओढली.

"फळा भरला!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लॉजवाल्याने भरलेल्या फळ्याचा फोटो काढला आणि त्यात स्वतःचा खांदाही बसवला. मग सगळे आवारातल्या बाकांवर जेवायला बसले.

सव्वाबारा झाले असतील. आधी आवारातले कावळे उठले, सगळे एकदम, आवाज न करता. मग आवाज आला. मोठा नव्हता तो. वरच्या मजल्यावर कुणीतरी जड कपाट ओढत नेतंय आणि ते संपतच नाही, तसा. बाकावरची पाण्याची भांडी थरथरली. कड्याच्या अंगाला झाडांच्या वर पिवळट धूळ उठली आणि तशीच हवेत थांबली.

सगळे उभे राहिले. लंबूच्या हातात चमचा तसाच होता. तो ओरडला, "मावशी, वर कुणी आहे का?"

आणि मावशीने फळ्याकडे पाहिलं. एकतीस वर्षं या प्रश्नाला ती तिथेच पाहून उत्तर देत आली होती. चौसष्ट खिळे, चौसष्ट बिल्ले.

"कुणी नाही," ती म्हणाली. "फळा भरलाय."

लोकांनी सुस्कारा सोडला. लॉजवाला म्हणाला, "दादाने वाचवलं हो. दादा नसता तर..." त्याचे डोळे भरून आले होते. एकाने म्हटलं, दादांसाठी टाळ्या. टाळ्या झाल्या. दादा कुठे आहेत, हे कुणीच विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा भर दुपारी बारा वाजता पडला होता.

तिने दोनपर्यंत आवराआवर केली. बिल्ले पुसले, खोलीला कुलूप लावलं. हे मागच्या वाटेने केव्हाच घरी येऊन झोपले असतील, असं तिच्या मनात होतं. ते मनात होतं असंही म्हणता येत नाही, इतकं ते नेहमीचं होतं. वाटेत तिने ठरवलं की भाऊजी तुमच्यासाठी रडले, हे त्यांना मीठमसाला लावून सांगायचं.

दार बाहेरून बंद होतं. सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं. मागच्या दारी त्याचे घरात घालायचे जोडे शेजारी शेजारी, टाचा भिंतीला लावून, त्याने सकाळी ठेवले होते तसे.

मावशी त्या जोड्यांकडे किती वेळ बघत राहिली ते तिला आठवत नाही. मग ती पळाली. एकसष्ट लोकांना पळताना बघितलेल्या बाईने जन्मात पहिल्यांदा पळून पाहिलं. फाटकाशी आली, किल्ली कुलपात शिरेना, तेव्हा तिने खिडकीची काच कोपराने फोडली, हात आत घातला आणि दोरी ओढली. ओढतच राहिली.

घंटेचा अर्थ गावाला एकच माहीत होता. जंगल रिकामं आहे. म्हणून लोक धावत आले नाहीत, चक्रावून दारात उभे राहिले. भरलेला फळा पुन्हा कसा भरतो? लॉजच्या पायऱ्यांवर पिशव्या बांधत बसलेला लंबू तेवढा उठला. तो जवळ आला तेव्हा तिच्या कोपरातून रक्त गळत होतं आणि ती एकच वाक्य म्हणत होती, "हे वर आहेत. हे वर आहेत."

लंबू आणि आणखी चौदा जण, सकाळीच अकरा किलोमीटर पळून आलेले, पुन्हा पळाले. लॉजवालाही गेला. ओढ्याच्या पुढे तो पहिल्यांदाच गेला आणि रांगत गेला.

तो सापडला चार वाजता. विसाव्या आणि एकविसाव्या झाडाच्या मधे. दोन खुणा घासायच्या राहिल्या होत्या. कमरेपर्यंत मातीत, वर आडवी फांदी, हातात ब्रश. त्या लंगडणाऱ्या बाई डॉक्टर होत्या, त्याही वर गेल्या होत्या. खाली आल्यावर त्या मावशीजवळ बसल्या आणि काहीबाही बोलत राहिल्या.

"लगेच गेले का?" मावशीने विचारलं.

बाई तिच्या कोपराला पट्टी बांधायला लागल्या. लंबू दुसरीकडे बघायला लागला.

"मला खरं सांगा. माझ्याशी खोटं बोललात तर मी पुन्हा तुम्हाला बिल्ला देणार नाही."

"अंग गरम होतं, मावशी," बाई म्हणाल्या. "आम्ही पोचायच्या तासभर आधीपर्यंत असावेत."

सव्वाबाराला आवाज झाला होता. बारा सोळाला लंबूने विचारलं होतं. तिने मनातल्या मनात तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, पावणेतीन तास. ती रडली, मोठ्याने रडली, आणि रडताना शिव्या दिल्या, आधी लॉजवाल्याला, मग गिरणीला, मग त्या खुणवाल्याला, ज्याला गिरणीतल्या मेलेल्या लोकांची लाज वाटली. शेवटी फळ्याला दिल्या. स्वतःला मोठ्याने दिल्या नाहीत. त्या अजून संपायच्या आहेत.

मुलगी शहरातून आली, पंधरा दिवस राहिली, म्हणाली, "आई, आता चल माझ्याकडे. इथे कोण आहे तुझं?" मावशी म्हणाली, "येईन. पण इथे बिल्ले कोण देणार?" लेकीला वाटलं, हे दुःखाने चाललंय, महिन्याने निवळेल. पण महिन्याने मावशीने सुताराकडून एक खिळा आणला आणि फळ्याच्या चौकटीत, चाकूच्या जुन्या रेघेच्या बोटभर खाली, ठोकला. डब्याच्या पत्र्याचा एक बिल्ला कापला. त्याच्यावर आकडा नाही, वीतभर पट्ट्याऐवजी नखाएवढा लाल रंग. तो तिने खिळ्याला लावला नाही. वरून आणलेल्या खुणवाल्याच्या पिशवीत ब्रशजवळ ठेवला आणि पिशवी खुंटीला अडकवली.

आता गावातलं कुणीही, सरपण आणायला जाणारी म्हातारीसुद्धा, बिल्ल्याशिवाय फाटकाबाहेर पडू शकत नाही. "मी घरचाच आहे" असं कुणी म्हटलं की मावशी नुसती बघते, आणि तो माणूस मुकाट्याने हात पुढे करतो. लॉजवाल्याने एकदा चाचरत विचारलं, "वहिनी, तेवढा एक खिळा काढला तर? फोटोत फळा भरलेला दिसत नाही." नंतर बरेच दिवस तो त्या खिडकीकडे फिरकला नाही.

घंटा वाजत नाही. नवे पळणारे विचारतात, जुने विचारत नाहीत. संध्याकाळी चौसष्ट बिल्ले परत आले तरी ती खिडकीतून बाहेर येते, आवारात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बोटाने मोजते, आणि मग गावात घरोघर विचारत जाते, कोण आलं, कोण यायचंय. लंबू अजून दर महिन्याला येतो. पळून झालं की बिल्ला लावतो आणि खिडकीशी थांबतो.

"मावशी, वर कुणी आहे का?"

"आहे," ती म्हणते, "एकजण आहे." आणि मग पिशवी खांद्याला लावून घरं मोजायला निघते.